डावीकडचे पन्नास

आमच्या बेसमेंटमध्ये एक क्वार्टरबॅक राहत होता. मधला हिवाळा वगळला तर एकूण चार महिने. मी काम करतो त्या प्लांटमध्ये हे सांगितलं की लोक उत्साहाने शहराच्या संघातल्या मुख्य खेळाडूचं नाव घ्यायचे. मी म्हणायचो, नाही, तिसरा. त्यावर पुढे कोणी काही विचारत नसे.

इथल्या, कॅनडातल्या फुटबॉलमध्ये बॉल हाताने फेकतात, आणि तो कोणी फेकायचा हे ठरलेलं असतं. तो क्वार्टरबॅक. बॉल हातात आला की तीनेक सेकंदांत त्याने सगळं मैदान बघायचं, आपल्यातला कोण मोकळा आहे ते ओळखायचं आणि त्याच्याकडे फेकायचं. तेवढ्या वेळात समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत असतात. आमच्या शहराच्या संघात असे तिघे होते. पहिला खेळायचा, पहिल्याला लागलं की दुसरा खेळायचा आणि तिसरा शिकायचा.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं.

"म्हणजे सामने खेळायचे नाहीत?"

"नाही, सर."

"सराव तरी?"

"थोडा. बहुतेक वेळ पहिल्याच्या मागे उभा राहतो आणि मी असतो तर काय केलं असतं ते मनात करतो."

"आणि याचा पगार मिळतो?"

"मिळतो, सर."

त्याला घडवायला एक स्वतंत्र कोच होता. पाय कसा पडतो, खांदा कुठे वळतो, नजर आधी कुठे जाते, सगळं व्हिडिओवर थांबवून थांबवून बघणारा. त्याने पोराला सांगितलं होतं, दोन वर्षं दे, घाई नाही.

मला या देशात कोणी दोन वर्षं दिली नाहीत. हॅमिल्टनच्या स्टील प्लांटमध्ये पहिल्या सोमवारी पत्र्याची जाडी मोजायचं यंत्र हातात दिलं आणि बुधवारी सुपरवायझर ओरडला. शिकायचं ते ओरडा खात शिकलो. त्यामुळे तेवीस वर्षांच्या या पोराची दोन वर्षं मला खुपली. माझ्या हेव्याची सुरुवात तिथे झाली असं मी बरेच दिवस समजत होतो.

खरी सुरुवात स्वयंपाकघरात झाली.

सामन्यात दर वेळी खेळाडू गोल करून उभे राहतात आणि पुढची चाल क्वार्टरबॅक त्यांना सांगतो. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी कुठे धावायचं, कोणाला अडवायचं, कितव्या हाकेला सुरू करायचं. पंधरा-सोळा शब्दांची ती माळ एका दमात, खणखणीत म्हणावी लागते. हा पोरगा शेवट गिळायचा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावातला, मुळात हळू बोलणारा. कोचने उपाय सांगितला होता: ज्याला फुटबॉलमधलं काही कळत नाही अशा माणसाला म्हणून दाखव, त्याला ते परत म्हणता आलं तर तू नीट म्हटलंस.

म्हणून सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी त्याने बेसमेंटच्या जिन्याचं दार वाजवलं. बायको वरणाला फोडणी देत होती.

"मॅम, एक मिनिट आहे का? तुम्हाला फुटबॉल कळतो?"

"अजिबात नाही."

"परफेक्ट," तो म्हणाला आणि हातातलं चालीचं कार्ड वाचलं.

तिने वळूनही बघितलं नाही. "शेवटचे तीन शब्द कुठे गेले?"

"म्हटले मी, मॅम."

"स्वतःच्या पोटात म्हटलेस. मी बाहेर उभी आहे." आणि मग मराठीत, "परत."

माझी बायको नागपूरला नऊ वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. इथे आल्यावर तिला शाळेत काम मिळालं ते जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं, रोज दोन तास. डबे उघडून द्यायचे, मिटन, म्हणजे थंडीचे जाड हातमोजे, घालून द्यायचे. वर्ग असा तिला बारा वर्षांत मिळाला नव्हता. त्या संध्याकाळी तो जिन्यावरून चालत वर आला.

तिने त्याला पाढे शिकवायच्या पद्धतीनेच धरलं. पावलं जमिनीला टेकवून सरळ उभा राहा. सोळा शब्दांचे चार तुकडे कर. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी टाळी. टाळी मी वाजवीन, तू थांबायचं नाहीस. अडलास तर पुढे ढकलायचं नाही, पहिल्यापासून. आठवड्याभरात तो ओट्याशी उभा राहून एकोणतिसाच्या पाढ्याच्या ठेक्यात फुटबॉलच्या चाली म्हणायला लागला, आणि "परत" हा त्याचा पहिला मराठी शब्द झाला.

मी बाहेर सोफ्यावर बसून ऐकायचो. चोवीस वर्षांच्या संसारात मी तिचा वर्ग कधी बघितला नव्हता. तिचा हा आवाज मला माहीतच नव्हता. त्यात राग नव्हता, लाडही नव्हता. समोरच्याला हे जमणारच आहे आणि जमेपर्यंत आपण कुठे जात नाही, असा तो आवाज होता. घरात माझ्याशी बोलताना तो तिने एकदाही वापरलेला नव्हता.

"किती वेळ चालणार हे?" मी एकदा विचारलं.

"अहो, मूल शिकून राहिलं ना."

"तेवीस वर्षांचं आहे ते मूल. सहा फूट तीन इंच."

"मग? उंच मुलांना मागच्या बाकावर बसवतात. शिकवत नाहीत असं थोडीच आहे."

शनिवारी ती सांबारवडी करायची. बाहेर ज्याला कोथिंबीरवडी म्हणतात त्याच्यापेक्षा ही वेगळी, नागपूरची, आत खोबरं-खसखस भरलेली. पूर्वी त्या बारा व्हायच्या. सहा माझ्या, चार तिच्या, दोन दुसऱ्या दिवशी डब्यात. तो आल्यापासून अठरा व्हायला लागल्या. हिशेबाने माझ्या सहाला धक्का लागायला नको होता. पण गरम पहिला घाणा त्याच्या ताटात जायचा आणि माझ्या वाट्याला दुसरा.  वडीवरून काय बोलणार?

ऑक्टोबरात एका दुपारी त्याचा कोच त्याला सोडायला आला आणि दारापर्यंत चालत आला. पन्नाशीचा, गुडघे गेलेला, साधा माणूस. त्याने बायकोचा हात हातात घेतला. "मागच्या महिन्याभरात हा वेगळाच माणूस झालाय. गोलात बोलतो तेव्हा सगळे मान वर करतात. काय करता तुम्ही?"

"काही नाही. पाढे म्हणवून घेते."

पाढे म्हणजे काय ते तिने समजावलं, तो पोट धरून हसला. मग शिष्टाचार म्हणून माझ्याकडे वळला. "आणि सर, तुम्ही?"

"मी... घर माझं आहे," मी म्हणालो.

त्या वाक्याचं मला पुढे कित्येक दिवस वाईट वाटत राहिलं.

हंगाम संपल्यावर नोव्हेंबरात तो घरी गेला आणि एप्रिलमध्ये परत आला. आता माझाही काही उपयोग झाला पाहिजे असं मी ठरवलं होतं. रोज किती थ्रो टाकले ते लिहून ठेव, असं कोचने त्याला सांगितलं होतं. मी म्हणालो, मोजायचं माझ्यावर सोड. चौकटीची वही आणली, पेनाने रकाने आखले: तारीख, अंतर, डावीकडे की उजवीकडे, पकडला की नाही. संध्याकाळी प्लांटमधून येता येता मी मागच्या पार्कात थांबायचो. बॉल पकडायला संघातलाच त्याचा एक मित्र यायचा, झेल घेणं हेच ज्याचं काम. तो कधी डावीकडे धावायचा, कधी उजवीकडे.

दोन आठवड्यांनी पोरगा म्हणाला, एकच माणूस असला की कोणाकडे फेकायचं ते आधीच ठरलेलं असतं. दोघे असले तर निवडायचा सराव होईल. बायको थर्मासमधून चहा घेऊन आली होती.

"डावीकडे मी उभी राहते," ती म्हणाली.

सलवारीवर पफर जॅकेट, हातात बर्फ शोव्हल करायचे जाड ग्लव्ह्ज. तो तिच्यासाठी हलका टाकायचा, बरोबर छातीशी. बॉल तिच्या हातांना लागायचा आणि खाली पडायचा. ती खो खो हसायची, तो हसायचा, मित्रही हसायचा. मी बाकावर बसून "नाही" लिहायचो.

"अहो, लिहिलं का?"

"लिहिलं."

"काय लिहिलं?"

"पकडला नाही."

"माझं नाव नका लिहू बाप्पा!"

"नावाचा रकानाच नाही," मी म्हणालो.

नव्हताच. आणि तो मी केलाही नाही, कारण केला असता तर दर ओळीला लिहावं लागलं असतं की माझी बायको तिथे उभी राहून त्याच्यासोबत हसते आहे.

त्याच दिवसांत एकदा जेवताना तो तिला सांगत होता, मी बाहेर सोफ्यावर होतो. कॉलेजात शेवटच्या सामन्यात त्याने डावीकडे फेकलेला बॉल समोरच्या संघाने मधेच पकडला आणि याच्या संघाचा हंगाम तिथे संपला. उजव्या हाताने फेकणाऱ्याला डावीकडे सगळं अंग वळवावं लागतं. तेव्हापासून पाय उशिरा वळतात. ती म्हणाली, "पोरं पाढ्यात दर वेळी एकाच जागी अडतात. मी तिथूनच सुरू करायला लावायची. तू रोज पहिला डावीकडेच टाक." तो तसं करायला लागला. मी ऐकलं होतं. त्याची भीती कुठे आहे ते मला माहीत होतं, हे इथे लिहिलंच पाहिजे.

मे महिन्यात कॅम्प सुरू झाला आणि सगळे खेळाडू युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर राहायला गेले. संघाने आणखी एक क्वार्टरबॅक आणला होता. चौघांपैकी एक जाणार. दुसऱ्या सराव सामन्याचा शेवटचा चौथा भाग माझ्या भाडेकरूला मिळणार होता, आणि त्यावर त्याचं राहणं किंवा जाणं ठरणार होतं. सामन्याआधीच्या रविवारी दुपारी तो जेवायला आला.

तिने वडा-भात केला होता. त्याच्या भातावर कढत तेल घातलं, वर वडे कुस्करून दिले, बाजूला सांबारवडी. मग मला विचारलं, "तुम्हाला वाढू?" चोवीस वर्षांत वाढू का, असं तिने मला विचारलं नव्हतं. वाढलेलंच असायचं. ती पापड तळायला आत गेली.

"सर," तो आदराने म्हणाला, "तुमची वही काय म्हणते?"

मी वही आणली. बेरजा आधीच करून ठेवल्या होत्या.

"उजवीकडे पन्नासपैकी सत्तेचाळीस."

तो हसला.

"डावीकडे पन्नासपैकी एकतीस."

त्याचा चमचा ताटाच्या कडेला टेकला. "एकतीस?"

"मोजलेलं आहे."

"थँक यू, सर," तो म्हणाला. "बरं झालं सांगितलंत."

बायको पापड घेऊन आली तेव्हा तो उठायच्या बेतात होता. "हे काय? वड्या तशाच?"

"पोट भरलं, मॅम."

मी माझ्या वाटणीच्या सहा खाल्ल्या.

सामन्याला त्याने आम्हाला दोन तिकिटं दिली होती. चौथ्या भागात तो मैदानात आला, खेळाडू गोल करून उभे राहिले आणि खरोखर सगळ्यांच्या माना वर झाल्या. माझ्या शेजारी बायकोचे ओठ हलत होते, मांडीवर टाळीचा ठेका चालू होता. मग बॉल त्याच्या हातात आला. डावीकडे त्याचा माणूस पूर्ण मोकळा, हात वर करून धावत होता. त्याने तिकडे बघितलं नाही. उजवीकडे बघत राहिला, तिकडे दाटी होती, तो थांबला आणि आडवा झाला. पुढच्या वेळी तेच. तिसऱ्यांदा आमच्या मागची माणसं उभी राहून ओरडायला लागली, लेफ्ट! लेफ्ट!

"तो तिकडे बघून काहून नाही राहिला?" बायकोने माझं मनगट धरलं. "अहो, काहून?"

मी मैदानाकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. संघाने त्याला सोडलं होतं. दोन वर्षांतले जेमतेम नऊ महिने झाले होते. परवा सकाळचं विमान. बायको बेसमेंटमध्ये गेली. मी वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो.

प्लांटमध्ये मी कुठलाही आकडा शिफ्टप्रमाणे आणि माणसाप्रमाणे वेगळा केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. पोरं मला त्यावरून हसतात. वहीत तारखा होत्या. पहिले दोन आठवडे, डावीकडे तो मित्र असताना, चोविसापैकी बावीस. बायको उभी राहायला लागल्यापासून सव्विसापैकी नऊ. बेरीज एकतीस. पाच मिनिटांचं काम होतं. ते मी रविवारच्या आधी केलं नव्हतं.

ती खाली चादरी घड्या करत होती. मी जिन्यावरच उभा राहिलो.

"मी त्याला रविवारी डावीकडचा आकडा सांगितला."

"कोणता?"

"पन्नासपैकी एकतीस."

"पण तिकडे तर मी होते."

"पहिल्या दोन आठवड्यांत नव्हतीस. तेव्हाचे चोविसापैकी बावीस."

"हे सांगितलं त्याला?"

"नाही."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तारखा लिहिलेल्या होत्या. मी बघितलं नाही."

"तुम्ही?" तिच्या हातातली चादर खाली आली. "दुधाच्या पिशवीची तारीख तीनदा बघता तुम्ही. तुम्ही बघितलं नाही?"

खोटं बोलायची सोय राहिली नव्हती. मी म्हणालो, "तू त्याला पहिला घाणा वाढायचीस." ते तोंडातून बाहेर पडल्यावर किती लहान वाटलं. म्हणून खरं होतं ते सांगितलं. "माझ्याशी तू त्या आवाजात कधी बोलली नाहीस. परत म्हणतेस त्या."

 तिने चादर उचलून तिचे कोपरे जुळवले.

"तुम्ही कधी माझ्याकडे आलात का," ती म्हणाली, "मला हे येत नाही म्हणून?"

ठरल्या दिवशी सकाळी मी रजा टाकून त्याला बॉर्डरपलीकडच्या विमानतळावर सोडायला निघालो. तिने सांबारवडीचा डबा दिला, सगळाच्या सगळा पहिला घाणा. गाडीत मी हायवेला लागायच्या आत त्याला सांगून टाकलं. चोविसापैकी बावीस, सव्विसापैकी नऊ. तारखांसकट.

"मॅमच्या हातून पडत होते ते मला माहीत होतं, सर," तो म्हणाला. "मीच तर टाकत होतो."

"मग?"

"मला वाटलं, तुम्ही ते वजा करूनच सांगितलं असणार." तो खिडकीबाहेर बघत होता. "तुम्ही तसे आहात ना."

त्याने हे टोचायला म्हटलं नव्हतं. टोचायला म्हटलं असतं तर मला पुढचा तासभर गाडी चालवणं सोपं गेलं असतं.

घरी आल्यावर मी दोन्ही आकडे नीट तक्ता करून कोचला पाठवले. आकडा कोणी सांगितला, कधी सांगितला आणि त्यात काय वगळलं, तेही लिहिलं. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. व्हिडिओवर दिसतं ते बदलता येत नाही; तक्ता मात्र पश्चिमेकडच्या एका संघातल्या ओळखीच्या माणसाला पाठवतो आहे. ऑगस्टमध्ये त्या संघाने त्याला घेतलं. पुन्हा तिसरा, पुन्हा पहिल्यापासून दोन वर्षं. माझ्या तक्त्यामुळे घेतलं का ते मला माहीत नाही, आणि तसं मी कोणाला सांगत नाही.

आता रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. नव्या संघात चालींचे शब्द वेगळे आहेत, त्यामुळे सगळं नव्याने घोकणं आहे. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवलेला असतो, तिचा आवाज तोच असतो, आणि मला अजून हेवा वाटतो. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचो.

मागच्या रविवारी तिने हाक मारली. "अहो, इकडे या. माझे हात कणकेचे आहेत. तुम्ही ऐका त्याचं, आणि परत म्हणून दाखवा."

मी ओट्याशी जाऊन उभा राहिलो. त्याने म्हटलं, सोळा शब्द, खणखणीत, एकही न गिळता. मी म्हणायला सुरुवात केली. तेराव्यापर्यंत आलो आणि पुढचे शब्द तोंडातल्या तोंडात विरले. फोनवर तो हसला.

मला येत नाही हे, मी म्हणालो.

ती पोळी लाटत होती. तिने वर बघितलं नाही.

"पाय टेकवा नीट," ती म्हणाली. "शेवट गिळलात. परत."

मी पहिल्यापासून सुरू केलं.